दोन प्लस म्हणजे ‘कमी’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला स्तनाच्या कर्करोगावरचा लेख वाचला. गाठ वेळीच दाखवा, हे त्यात छान सांगितलंय. पण गाठ काढल्यावर हातात पडणाऱ्या कागदाचं काय करायचं, ते राहून गेलं.

आखाजीच्या तोंडावर मावशीचा रिपोर्ट आला. ‘हर-टू : 2+’. मावशी म्हणाली, ‘‘दोन प्लस म्हंजे कमीच शे ना रे भाऊ?’’ मलाही तसंच वाटलं. रिपोर्ट फायलीला लागला आणि तीन आठवडे दवाखान्यात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

हर-टू हा तुमच्या-माझ्याही 17व्या गुणसूत्रावर असलेला जनुक. पेशीला वाढीचा निरोप पोचवणारं प्रथिन त्याच्यावरून तयार होतं. एरवी पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात. काही गाठींत त्या भरमसाट वाढतात आणि विहिरीवरची मोटार बंदच होऊ नये तशी गत होते. 1987 मध्ये अमेरिकेत डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा बायकांमध्ये रोग लवकर उलटतो. 1998 मध्ये त्या प्रथिनावरच नेमकं बसणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध तिथं मंजूर झालं. आता भारतीय बनावटीचंही मिळतं. पण हर-टू पॉझिटिव्ह ठरलं तर! रिपोर्टातला आकडा सांगतो, गाठीच्या पेशींवर हे प्रथिन किती दिसलं. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे अजून ठरलेलंच नाही, जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करा. (माळकरी मावशीला त्या नावानंच घाम फुटला.)

त्यासाठी गाठीचा ब्लॉक लागतो. ‘कशाला पाहिजे?’ असं दोनदा ऐकून तो मिळाला. काडेपेटीहूनही लहान, मेणात बसवलेला तुकडा. आमच्याकडचं ऊन आपण जाणताच. मेण वितळेल या धास्तीनं मी तो ओल्या फडक्यात, स्टीलच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीनं मुंबईला नेला. लॅबवाला हसला, एवढ्यानं ते वितळत नाही म्हणे. तपासणी पॉझिटिव्ह आली.

जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असे ब्लॉक जमा करून पुढे पाठवायची सोय व्हावी. आणि 2+ च्या शेजारी मराठीत एवढंच छापावं : ‘निर्णय बाकी, फिश करा.’

मावशीचं सहावं इंजेक्शन सोमवारी आहे. त्याआधी हृदयाची इको करायची, कारण या औषधाचा ताण तिथं पडू शकतो. हेही आम्हाला मुंबईतच कळलं.

– एक वाचक, अमळनेर