ब्रिगेडियर उस्मान यांचे स्मरण व्हावे

३ जुलै हा ब्रिगेडियर महंमद उस्मान यांचा स्मृतिदिन. तो दरवर्षी आपल्याकडे गाजावाजाविना निघून जातो, याचे मनापासून वाईट वाटते. फाळणीत त्यांची बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. ते मात्र भारतातच राहिले. काश्मीरसाठी पाकिस्तानशी लढाई चालू असताना डिसेंबर १९४७ मध्ये जम्मू भागातले झांगर हे ठाणे हातचे गेले, तेव्हा ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, असा पण त्यांनी केला. ऐन हिवाळ्यात ५० पॅराशूट ब्रिगेडचा हा कमांडर जमिनीवर चटई टाकून झोपत असे. फेब्रुवारीत त्यांनी त्याच भागातले नौशेरा राखले, मार्चमध्ये झांगर जिंकले आणि मगच खाट मागवली. त्याच झांगरमध्ये ३ जुलै १९४८ रोजी तोफगोळ्याने त्यांचा घात केला. छत्तिसावा वाढदिवस अवघ्या बारा दिवसांवर होता. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

त्यांच्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पॅरा पलटणही होती. त्या जवानांच्या घरी जुनी पत्रे, पदके, ऐकीव आठवणी अजून असतील. आपल्या दैनिकाने त्या मागवून ३ जुलैच्या अंकात छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, सातारा