सईला, कागदपत्रांबद्दल

प्रिय सई,

"आई, आपण तर लीगल आहोत, मला कशाला हे सगळं सांगतेस?" असं तू परवा म्हणालीस. फोनवर वाद नको म्हणून मी गप्प बसले. इमिग्रेशनचे अधिकारी दारात आले किंवा रस्त्यात अडवलं तर काय करायचं, ते आता सविस्तर लिहिते.

एकविसाव्या वर्षी तुझा एच-फोर, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा, संपला, मग एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा, आता ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी. आमची ग्रीन कार्डाची रांग अजून हलत नाही. इथे अमेरिकेतच शाळा शिकलेली तू कागदोपत्री अजून परदेशी विद्यार्थिनीच आहेस. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने लष्करी विमानाने १०४ भारतीयांना परत पाठवून अमृतसरला नेऊन उतरवलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. आपल्या ओळखीतल्या बहुतेकांनी 'ते डंकीवाले', म्हणजे चोरवाटेने घुसलेले, म्हणून विषय संपवला. दोनच महिन्यांत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविसमधल्या, म्हणजे त्यांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेतल्या, नोंदी बंद झाल्या, आणि तेच लोक रात्री-अपरात्री एकमेकांना फोन करू लागले. मुलं कोर्टात गेली, तेव्हा कुठे एप्रिलअखेर सरकार त्या नोंदी पूर्ववत करायला लागलं.

आपल्या लोकांची एक खोड आहे. वर्दी दिसली की न विचारताच सगळं सांगत सुटायचं, आणि घरातली अडचण मात्र महाराष्ट्र मंडळात कुणाच्या कानावर जाऊ द्यायची नाही. तू बरोबर उलटं वाग.

दारावर कुणी आलं तर दार उघडू नकोस. वॉरंट असेल तर खालच्या फटीतून सरकवा किंवा खिडकीला लावा म्हण, आणि सही कुणाची ते बघ. न्यायाधीशाची सही, कोर्टाचं नाव आणि तुझा पत्ता असेल तर गोष्ट वेगळी. आय-२०० किंवा आय-२०५ हे इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेले फॉर्म असतात. तेवढ्यावर तुझ्या संमतीशिवाय घरात शिरता येत नाही, असंच न्यायालयं मानत आली आहेत. तरीही कुणी आत घुसलंच तर अडवू नकोस, फक्त "माझी संमती नाही" हे मोठ्याने म्हण.

रस्त्यात थांबवलं तर "मी जाऊ शकते का?" एवढंच विचार. हो म्हणाले तर शांतपणे चालू लाग, पळू नकोस. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा इथला कायदा आहे, त्यामुळे ओपीटीचं कार्ड आणि आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत पाकिटात हवीच. मागितलं तर दाखव. पण रूममेट कुठली, मोर्चाला कोण कोण होतं, याची उत्तरं द्यायला तू बांधील नाहीस. "मला वकिलांशी बोलायचंय" म्हण आणि थांब. तुझे उच्चार इथलेच, म्हणून 'सिटिझन आहे' म्हणून सुटायचा मोह होईल. ते कधीही करू नकोस. नागरिकत्वाचा खोटा दावा ग्रीन कार्डाचा रस्ता कायमचा बंद करू शकतो.

आणि न वाचता सही नको. 'इथे सही कर, लवकर सुटशील' असं म्हणत पुढे केलेल्या कागदावर कधीकधी सुनावणीचा हक्क सोडल्याचं लिहिलेलं असतं. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, आपला आपणच करावा लागतो. भारतीय वकिलातीला कळवा, असं सांगायचाही तुला हक्क आहे.

आता मंडळाचं. मागे आपल्या ओळखीच्या एका घरातला भाचा पकडला गेला होता. घरच्यांनी लाजेपायी कितीतरी दिवस कुणाला कळू दिलं नाही, तोवर त्याला दुसऱ्या राज्यात हलवलं होतं. मंडळात दोन वकील आहेत गं! गणपतीच्या वर्गणीसाठी आपण त्यांच्या दारात जातो, आणि अशा वेळी तोंड लपवतो. मला याचा राग येतो. तुझ्या गावात मंडळ नसेल तर गुरुद्वारा आहे, विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आहे. तिथल्या एखाद्या माणसाशी आत्ताच ओळख करून ठेव. पासपोर्ट, विद्यापीठाने दिलेला आय-२० फॉर्म आणि कार्ड यांच्या प्रती एका विश्वासू मैत्रिणीकडे दे. कार्डावरचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला तुझा क्रमांक, मला कळव. तो आणि जन्मदेश टाकला की आइसच्या, म्हणजे धरपकड करणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या, ऑनलाइन लोकेटरवर पकडलेला माणूस कुठे ठेवलाय ते शोधता येतं.

बाबा म्हणतील, पोरीला उगाच घाबरवतेस. म्हणू देत. वकिलांचा नंबर सोबतच्या कागदावर आहे. तो पाठ कर, फोन काढून घेतला तर त्यात सेव्ह केलेलं काही उपयोगाचं नाही. रविवारी बोलू तेव्हा विचारीन.

तुझी,
आई