ॲडव्हान्स्ड अकौंटन्सी काढू नका, तिच्यातली गणितं बदला

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पानावर गेल्या आठवड्यात एका उद्योजकांचं पत्र आलं होतं. एम.कॉम. झालेली मुलं नोकरीला येतात, पण त्यांना जीएसटीचं रिटर्न भरता येत नाही, बँकेची जुळवणी जमत नाही. तेव्हा ॲडव्हान्स्ड अकौंटन्सीचे पेपर बंद करा आणि त्या वेळात टॅली, म्हणजे संगणकावर हिशेब लिहायचं सॉफ्टवेअर, शिकवा, असा एकूण सूर होता. त्यांचा वैताग मला पटतो. उपाय अजिबात पटत नाही.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. पहाटे संकलन, फॅट-एसएनएफच्या (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घनपदार्थ) पावत्या, टँकर गेला की किर्द, म्हणजे रोजची जमाखर्चाची वही, दर दहा दिवसांनी बिलं, आणि मधेच कुणाची तरी तक्रार, की माझं दूध वासाचं कसं काय ठरलं. मुलगी बारावीला गेली तेव्हा मी बहिःस्थ म्हणून एम.कॉम.ला नाव घातलं. विषय घेतला ॲडव्हान्स्ड अकौंटन्सी. घरातल्यांनी विचारलं, आता या वयात कशाला? मी म्हटलं, लेखापरीक्षक काय बोलतात ते तरी कळेल. विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एका विद्यापीठापुरतं नाही. दुकानात मिळणारी पुस्तकं चाळा, थोड्याफार फरकानं गणितं तीच आहेत.

या पुस्तकांत एच लिमिटेड असते आणि एस लिमिटेड असते. एचनं एसचे ऐंशी टक्के शेअर घेतले. एसच्या गोदामात एचकडून घेतलेला माल पडून आहे, त्यातला अजून न कमावलेला नफा वजा करा. उरलेल्या वीस टक्केवाल्यांचा हिस्सा वेगळा दाखवा. पुढच्या प्रकरणात एक कंपनी दुसरीत विलीन होते, त्याच्या पुढच्यात एक बुडते आणि लिक्विडेटर, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस, हिशेब मांडतो. मला ही गणितं मनापासून आवडतात. रात्री सगळी झोपल्यावर एकत्रित ताळेबंदाच्या दोन्ही बेरजा जुळल्या की जो आनंद होतो, तो ज्यानं जुळवल्यात त्यालाच कळतो. म्हणून हा विषय कुणी काढायला निघालं की मला राग येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे गणित आमच्या दारात रोज उभं असतं आणि पुस्तकाला त्याचा पत्ताच नाही. जिल्हा दूध संघ १९६३ साली उभा राहिला. साखर कारखाने त्याच्याही आधीपासून आहेत. पतसंस्था तर गल्लोगल्ली. या जिल्ह्यात कॉमर्स शिकणाऱ्या पोराच्या घरात एक तरी सभासद असतोच. त्या पोराला एच आणि एस तोंडपाठ असतात, आणि आजोबांच्या नावानं आलेल्या फरक बिलाची नोंद कुठं पडते ते विचारलं की ते गप्प.

त्या फरकाचंच घ्या. दिवाळीच्या तोंडावर उत्पादकाच्या हातात दोन प्रकारचे पैसे येतात. एक, संघानं वर्षभराच्या दुधावर लिटरमागे दिलेला दरफरक, जो संस्थेमार्फत खाली येतो. दुसरा, गावच्या संस्थेनं आपल्या नफ्यातून दुधाच्या प्रमाणात दिलेला रिबेट. घेणाऱ्याला दोन्ही सारखेच. पैसे ते पैसे. वही लिहिणाऱ्याला मात्र त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दरफरक हा दुधाच्या किमतीचाच राहिलेला भाग धरला, तर तो दूध खरेदीत जातो, म्हणजे नफा काढायच्या आधी. रिबेट नफ्यातून दिला, तर तो नफा काढून झाल्यावर, वाटणीत. आता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० काय सांगतो? निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीत टाका, आणि भागावरचा लाभांश १५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. म्हणजे सगळंच खरेदीत दाखवलं तर नफा आटतो आणि राखीव निधी वाढायचा थांबतो. सगळंच नफ्यात दाखवलं तर निधी फुगतो आणि उत्पादकाची दिवाळी बारीक होते. त्यातून दूध मार्चअखेरचं आणि फरकाचा आकडा जाहीर झाला नंतर, तर ३१ मार्चच्या ताळेबंदात तो धरायचा की नाही? ताळेबंदाच्या तारखेनंतर घडलेल्या गोष्टींचं काय करायचं, यावर आपल्याकडे अख्खं लेखा मानक, म्हणजे हिशेब मांडायचा ठरलेला नियम, आहे, चौथ्या क्रमांकाचं. ते पुस्तकातही आहे. त्याखालची उदाहरणं कारखान्याला लागलेल्या आगीची आणि बुडालेल्या ग्राहकाची.

टॅली या सगळ्यात काय करणार? ते आमच्या फॅट मोजायच्या यंत्रासारखं आहे. नमुना नीट घातला तर आकडा बरोबर देतं, पण नमुना कुठल्या किटलीतला घ्यायचा हे त्याला कळत नाही. फरक कुठल्या खात्याला टाकायचा हे माणसानंच ठरवायचं, आणि ते ठरवण्याचं शिक्षण ॲडव्हान्स्ड अकौंटन्सीत मिळतं. टॅली मी वर्षानुवर्षं वापरते, मला त्याचं वाकडं नाही. जीएसटीचं रिटर्नही शिकवा, जरूर शिकवा, पण त्याला पदव्युत्तर वर्ग कशाला लागतो?

ऊसवाल्यांकडे तर हाच प्रश्न थेट आयकर खात्यापर्यंत गेला. सहकारी कारखान्यांनी किमान वैधानिक दरापेक्षा उसाला जे जादा पैसे दिले, तो खर्च नाही, ती सभासदांना केलेली नफ्याची वाटणी आहे, असं खात्याचं म्हणणं होतं. वाटणी म्हटली की ती रक्कम नफ्यात मिळवली जाते आणि तिच्यावर कर लागतो. नोटिसा, अपिलं, वर्षानुवर्षांचा घोळ. शेवटी २०१५ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात कलम घालून सांगितलं, की सरकारनं ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची उसाची किंमत हा खर्चच धरायचा. मागच्या वर्षांचं भिजत घोंगडं तरी राहिलंच होतं. ते २०२३ च्या अर्थसंकल्पात सुटलं: २०१६-१७ या कर आकारणी वर्षाच्या आधी दिलेले पैसेही खर्च म्हणून मागण्याची मुभा मिळाली, आणि साखर सहकाराला सुमारे १० हजार कोटींचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्र्यांनी भाषणात सांगितलं. एक नोंद नफ्याच्या रेषेच्या वर, खर्चात, की खाली, वाटणीत, एवढ्यावरून हे सगळं. कॉमर्सच्या वर्गात शिकवायला याहून चांगलं प्रकरण मला तरी सुचत नाही. कागद आपल्याच जिल्ह्यातल्या कपाटांत आहेत.

आणखी एक गणित देते, हवं तर परीक्षेत घाला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. समजा एका कारखान्याची १० कोटींची बिलं मुदतीनंतर दोन महिने थकली. व्याज झालं २५ लाख. शेतकरी ते सहसा मागत नाही, कारण पुढच्या हंगामात तोडणीची टोळी वेळेवर यायला हवी असते. मग ताळेबंदात हे २५ लाख कुठं? तरतूद करायची, की संभाव्य देणं म्हणून टिपेत लिहायचं, की मागणी नाही म्हणून सोडूनच द्यायचं? एकोणतिसावं लेखा मानक उघडा आणि तासभर भांडा. एफआरपीवरून, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरावरून, रस्त्यावर आंदोलनं बघत वाढलेली मुलं आहेत ही, कुणी वर्गात झोपणार नाही.

एच आणि एसचं प्रकरण तर सहकारात उलटंच होऊन बसतं. तिथं मोठी कंपनी वर आणि छोटी तिच्या ताब्यात. आमच्याकडे गावोगावच्या छोट्या संस्था मोठ्या संघाच्या मालक. निम्म्याहून जास्त मतं हातात असली तर ताबा, ही पुस्तकातली कसोटी इथं लावायची कशी, कारण शेअर कितीही असोत, कायद्यानं एका सभासदाला एकच मत. आमच्या ताळेबंदात संघाचे शेअर गुंतवणूक म्हणून एका ओळीत बसतात, खरेदीच्या किमतीला. आणि त्याच संघाच्या पशुखाद्याची पोती आमच्या गोदामात ३१ मार्चला शिल्लक असतात. एचकडून घेतलेला माल एसच्या गोदामात, हुबेहूब तेच; फक्त मालक कोण ते उलटं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून तशीच बसून राहिले होते. ताबा म्हणजे नेमकं काय, हे मला कंपनीच्या उदाहरणापेक्षा या उलट्या उदाहरणानं जास्त नीट समजलं.

लिक्विडेटरच्या हिशेबाचंही तसंच. पुस्तकात सगळी देणी भागून काही उरलं तर ते भागधारकांना. सहकारी संस्था अवसायनात, म्हणजे मोडीत, गेली आणि शिल्लक उरली, तर ती सभासदांत वाटता येत नाही. हे माहीत नसल्यानं संस्था मोडली की राखीव निधी आपल्याला मिळेल, असं समजून बसलेले पदवीधर मी पाहिलेत. दोन पतसंस्थांच्या विलीनीकरणाचीही पुस्तकात दखल नाही: त्यासाठी सहकार कायद्याचं १७ वं कलम आहे, पण त्यावर एक सोडवलेलं गणित मला सापडलं नाही. थकीत व्याजाच्या तरतुदीबद्दल लिहीत नाही, नाहीतर हे पत्र आपण छापणार नाही.

आता कुणी म्हणेल, मुलं पुण्या-मुंबईला कंपन्यांत जाणार, त्यांना सहकार कशाला? जाऊ देत की. ज्यानं फरकाची नोंद डोकं लावून ठरवली, त्याला कंपनीतली तरतूद अवघड जाणार नाही. कंपन्यांची प्रकरणं काढा असं मी म्हणतच नाही. विलीनीकरणाचं चौदावं मानक, एकत्रित ताळेबंदाचं एकविसावं, मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालेली इंड एएस ही नवी लेखा मानकं, सगळं राहू दे. इंड एएसमध्ये तर शेतीवरचं एक्केचाळीसावं मानक आहे आणि त्याच्या तक्त्यात ऊस आहे. शिरोळ-हातकणंगल्याच्या मुलाला खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं, मूल्य कसं धरायचं हे विचारा, तो मास्तरांनाच चार गोष्टी सांगेल.

अभ्यास मंडळांवर जी मंडळी आहेत त्यांच्याकडे माझं मागणं छोटं आहे. ॲडव्हान्स्ड अकौंटन्सीच्या एका पेपरात एक घटक सहकारी संस्थांचा ठेवावा आणि त्याची गणितं खऱ्या अहवालांवरून घ्यावीत. अहवाल शोधायला कुठं जावं लागत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळं ऑगस्ट-सप्टेंबरात प्रत्येक सभासदाच्या घरी ती छापील पुस्तिका येऊन पडते. मागच्या पानांवर ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, नफा वाटणीचा तक्ता, लेखापरीक्षणाचा वर्ग अ की ब, सगळं असतं. बहुतेक घरांत ती भेटवस्तूची कुपनं फाडून झाल्यावर रद्दीत जाते. आणि सभा कशा होतात ते आपले वार्ताहर दरवर्षी छापतातच: व्यासपीठावरून मंजूर-मंजूर, खालून नामंजूर-नामंजूर, आणि मधल्या गोंधळात राष्ट्रगीत. नामंजूर म्हणणाऱ्यांतल्या दहाजणांना जरी विचारलं की ताळेबंदातली कुठली ओळ नामंजूर, तर किती उत्तरं येतील?

गृहपाठ ऑगस्टच्या शेवटी द्यावा. घरातला अहवाल आणायचा, फरक आणि रिबेट कुठं दाखवलाय ते शोधायचं, पटतंय की नाही ते एका पानात लिहायचं, आणि जमलं तर सभेला आजोबांबरोबर जाऊन विचारायचं.

आमच्या संस्थेचे मागचे काही अहवाल मी कुठल्याही कॉलेजला द्यायला तयार आहे. अध्यक्षांना विचारलं, ते हो म्हणाले. फक्त परीक्षेच्या पेपरात संस्थेचं नाव येता कामा नये, एवढी त्यांनी अट घातली आहे, आणि वर्तमानपत्रातही. तेव्हा खाली नाव देत नाही, राग नसावा.

आपली,
एका दूध संस्थेची सचिव,
ता. करवीर, जि. कोल्हापूर