कमान नको, दादा

ऑकलंड
डिसेंबर, दुसरा आठवडा

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

आईला माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग. परवा फोनवर म्हणाली, पौर्णिमेला सौंदत्तीला जाऊन येतो म्हणून. गुडघ्याचं काय, विचारलं तर म्हणते, "तिकीट नाही गे बसला, मग घरात बसून काय करू?" २०२३ च्या जूनमध्ये बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आली तेव्हापासून आईने निम्मं कर्नाटक बघितलं असेल. डोंगरावर गर्दी फार असते, एकटीला पाठवू नका एवढंच.

आता मुद्द्याचं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, वर पाठीमागे ट्रॅक्टर चालू असतो, म्हणून लिहायला बसले. तू पाठवलेलं माजी विद्यार्थी समितीचं पत्रक वाचलं. जानेवारीत स्नेहसंमेलन, त्याला लागूनच गावच्या साहित्य संमेलनाची ग्रंथदिंडी, मग दहावीची पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा शुभेच्छा समारंभ आणि शेवटी आपला मेळावा. हे सगळं छान आहे. ग्रंथदिंडीला या वर्षी मुलींचं झांजपथकही आहे हे वाचून तर फारच बरं वाटलं. आमच्या वेळी मुलींच्या डोक्यावर कलश आणि मुलांच्या गळ्यात ताशा, एवढीच वाटणी होती. आपल्या बेळगाव भागात कडोलीनं सुरू ठेवलेली ही संमेलनाची चाल येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानीपर्यंत गावोगाव टिकली आहे, हे मी इथल्या मराठी मंडळींना सांगते तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना खरंच वाटत नाही. शेतकऱ्यांनी वर्गणी काढून भरवलेलं साहित्य संमेलन त्यांनी पाहिलेलंच नसतं.

पण पत्रकाच्या तळाशी लिहिलंय की मेळाव्याच्या निधीतून शाळेच्या दारात ग्रॅनाइटची कमान उभी राहणार आणि तीवर देणगीदारांची नावं कोरणार. दादा, त्या कमानीतून आत जायला मुलं किती उरलीत? तूच दिवाळीत सांगत होतास की आठवीचा पट भरायला मास्तर घरोघर फिरतात. (तुझा धाकटा कुठल्या माध्यमात शिकतो ते मी इथं काढत नाही. वहिनी, तुम्ही हसू नका.)

इथं न्यूझीलंडमध्ये लेकीच्या शाळेत वर्ष नुकतंच संपलं. आता नाताळ आणि उन्हाळा एकत्र, शाळा परत जानेवारीच्या शेवटी. माध्यमिक शाळा इथं नववी ते तेरावी असते, आणि गावातल्या बऱ्याच गोष्टी शाळेभोवतीच फिरतात, आपल्याकडे देवळाभोवती फिरतात तशा. शनिवारी नेटबॉल, कधी जुन्या गणवेशांची विक्री, कधी दुकानासमोर तवा मांडून पावात घालून सॉसेज विकायचे. एखाद्या शुक्रवारी मुलं गणवेशाऐवजी घरचे कपडे घालून येतात आणि त्याबद्दल एकेक सोनेरी नाणं टाकतात. इथं एक आणि दोन डॉलरची नाणी सोनेरी रंगाची असतात. जत्रेत मी रताळ्याच्या घाऱ्या विकल्या. रताळ्याला इथं कुमारा म्हणतात आणि ते इथल्या मूळच्या माओरी लोकांचं जुनं पीक आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांना फार समजावून सांगावं लागलं नाही. गूळ मात्र शोधायला दोन दुकानं फिरावी लागली. पैसे कशाला जमवत होते माहीत आहे? वाद्यवृंदाच्या बसभाड्याला. कुणाचं नाव कुठं कोरलं नाही.

शाळा चालवतं कोण, हे मला इथं आल्यावर सगळ्यात नवल वाटलं. १९८९ पासून प्रत्येक सरकारी शाळेला स्वतःचं मंडळ आहे. पालक दर तीन वर्षांनी मतदान करून त्यावर आपल्यातलेच लोक पाठवतात. मुख्याध्यापकाची नेमणूकसुद्धा हे मंडळ करतं. शिक्षकांचा एक प्रतिनिधी असतो, आणि माध्यमिक शाळेत मुलांनी निवडलेला एक विद्यार्थीही असतो, तो खुर्चीवर बसून मत देतो. आमच्या शाळेतला विद्यार्थी प्रतिनिधी सोळा वर्षांचा पोरगा, त्यानं यंदा मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कुलपांचा विषय तीन बैठका लावून धरला. लेक घरी येऊन सांगत होती आणि मला आपल्या शाळेच्या मागच्या बाजूचं ते पत्र्याचं दार आठवत होतं. तुमच्या समितीत मी मोजलं, पंधरा नावं आहेत आणि सगळी पुरुषांची. शाळेत आज निम्म्या मुली आहेत. मागच्या तुकड्यांमधल्या किती जणी शिक्षिका, नर्स, अंगणवाडी सेविका झाल्यात, त्यांना कुणी विचारलं का?

तू म्हणशील, बाई, तिकडचं तिकडे ठेव. ठेवते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र.

शाळेच्या वर्षअखेरीच्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या. गोऱ्या बाई. पहिली दोन-तीन मिनिटं त्या माओरीतच बोलल्या, कागद न बघता. नंतर मुलांच्या पथकानं कापा हाका, म्हणजे माओरी नाचगाणं, केलं, त्यात आपली कार्टीही होती, पाय आपटत, डोळे वटारत. (एवढा जोर घरी भांडी घासताना कधी दिसला नाही.) मार्चमध्ये त्यांचा मोठा महोत्सव असतो, १९७६ पासून ऑकलंडच्या शाळा त्यात उतरतात, त्याच्या तालमी सुट्टीतही चालणार. नव्या मुलांचं फेब्रुवारीत स्वागत व्हायचं आहे, त्याचीही रीत ठरलेली: पाहुण्यांनी फाटकाशी थांबायचं, आतून बाईनं साद घालायची, मग सावकाश आत यायचं, भाषणं, गाणी, नाकाला नाक लावणं आणि शेवटी खाणं. आपल्या औक्षणाहून काही फार लांबचं नाही.

पण दादा, हीच भाषा शाळेत बोलली म्हणून इथल्या आजी-आजोबांनी छड्या खाल्ल्या आहेत. समारंभात माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं स्वतःच सांगितलं. तिच्या बापानं घरात माओरी बोलणं बंदच केलं होतं, पोरांना मार नको म्हणून. मग १९७२ मध्ये तीस हजारांवर सह्या घेऊन लोक संसदेपुढे गेले, शाळेत आमची भाषा शिकवा म्हणून. १९८२ मध्ये आज्यांनी लहान मुलांसाठी माओरीतल्या बालवाड्या काढल्या. १९८७ मध्ये ती देशाची राजभाषा झाली. आणि आपल्याकडे बघ, १९८६ च्या जूनमध्ये बेळगावजवळ हिंडलग्याला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, तू मात्र सांगतोस, गावात चूल पेटली नव्हती. दर एक जूनला तू स्मारकावर जातोस, जावंच. आताही बेळगावात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन तोंडावर आहे म्हणजे त्याविरुद्धच्या मराठी महामेळाव्याच्या गडबडीत असशील. त्याबद्दल मी काही बोलत नाही आणि बोलणारही नाही.

मला बोलायचंय ते आज शाळेच्या बाकावर बसलेल्या पोरांबद्दल. ती म्हातारी म्हणाली, आम्हाला इंग्रजी नको असं कधीच नव्हतं, आमची भाषा काढून घेऊन इंग्रजी देऊ नका एवढंच म्हणत होतो. तिच्या नातवाला दोन्ही भाषा येतात. त्या बळावर तो वकील झालाय आणि जमिनीचे जुने दावे तोच वाचतो.

आपल्या पोरांना कन्नड वाचता येतं का? खरं सांग. दहावीला सहाशे पंचवीस गुण, त्यात मराठीचे सव्वाशे, ते मिळतात आरामात. कन्नडच्या पेपराची मात्र आपल्याकडची जुनी युक्ती तुला माहीत आहे: प्रश्नोत्तरं देवनागरीत लिहून घ्यायची, पाठ करायची, परीक्षेत अक्षरं चित्रासारखी उतरवायची. पास होतात, पण बसची पाटी वाचता येत नाही. आरटीसीचा, म्हणजे जमिनीचा, उतारा कन्नडमध्ये, रेशनकार्ड कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये. आबांच्या उताऱ्यात काय फेरफार झालाय हे कळायला आपण कुणाच्या दारात जाऊन उभे राहिलो होतो ते विसरलास? त्या माणसानं कागद वाचून दाखवायचे पैसे घेतले होते, आणि नीट वाचलेही नव्हते. बायपासच्या जमिनीच्या नोटिसा आल्या तेव्हा येळ्ळूर-मच्छे भागातल्या लोकांची काय धावपळ झाली, तू स्वतः बघितलीस. कागद आपल्या भाषेत मिळावेत ही मागणी रास्तच आहे, ती चालू ठेव. पण मिळेपर्यंत पोरानं कागद कुणाकडून वाचून घ्यायचा?

आपल्याला कन्नड शिकवणारे सर आठवतात ना, गदगकडचे? आले तेव्हा मराठीचं अक्षर येत नव्हतं. गावातच खोली घेऊन राहिले, भजनात बसले, आणि दोन वर्षांत आमच्यापेक्षा चांगले अभंग म्हणायला लागले. वर्गात मात्र आम्ही त्यांच्या तासाला पाठ फिरवून बसायचो आणि मोठी माणसं कौतुक करायची. त्यांनी मराठी शिकली म्हणून त्यांचं कन्नड कमी झालं नाही.

तर माझं म्हणणं असं: कमानीचे पैसे शाळेतच घाला, पण दुसरीकडे. संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका चालू करा, दिवे आणि बाकं आहेतच. आठवड्यात तीन दिवस कन्नडचा वर्ग, आणि तो परीक्षेचा नको. उतारा, बँकेचा अर्ज, बसचं वेळापत्रक, वर्तमानपत्र असं वाचायला शिकवणारा हवा. गावातली कन्नड शाळेत शिकलेली एखादी सून शिकवेल, तिला मानधन द्या. उरलेले तीन दिवस मराठी वाचनाचे. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली मुलांच्या हातात द्या. आमच्या वेळी ती हेडमास्तरांच्या खिशात असायची आणि पुस्तकं वाळवीनं वाचली. मराठी शाळेत शिकून तिन्ही भाषा पक्क्या येतात हे गावाला एकदा दिसू दे, मग पटासाठी मास्तरांना घरोघर फिरायला लागतं का बघू. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या पोरांना तिथं मराठी वाचता येत नाही आणि कन्नडही धड येत नाही, हे तुला घरातच दिसतंय.

समितीत कुणीतरी म्हणेल, मराठी माणसांच्या पैशातून कन्नडची शिकवणी? म्हणू दे. सक्तीनं शिकवलेलं आणि आपण होऊन शिकलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे मंचावरून सांगायला तुझ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. तू लाठ्या खाल्ल्या आहेस. मी इथून सांगितलं तर परदेशात बसून शहाणपण शिकवते म्हणतील.

पैशाचं आता नीट ऐक. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, त्यामुळे माझ्या कमाईतले पैसे बँकेतून संस्थेला देता येतात, ती परदेशी देणगी धरत नाहीत. ह्यांनी मात्र इथलं नागरिकत्व घेतलंय, म्हणजे त्यांचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर घेता येत नाहीत. आमच्या तुकडीतली दुबईची आणि लंडनची मंडळी देतो म्हणालीत, त्यांनाही आधी पासपोर्ट विचारा. पावती संस्थेच्याच नावाची हवी. समितीच्या खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात एक रुपया पाठवणार नाही, तो माझा चुलतदीर असला तरी. ऐकून तो रागावेल, रागावू दे.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आणि पाणी हे मात्र अभ्यासिकेच्याही आधी. त्याचा खर्च काढून मला वेगळा कळव, तेवढा मी एकटी देते. आणि तिथं नाव घालायचं नाही.

मेळाव्याला मला येता येणार नाही, तेव्हा इकडे शाळा सुरू झालेली असेल. लेकीच्या वर्गाला पुढच्या वर्षी वेगवेगळ्या देशांच्या नाचांचा कार्यक्रम करायचाय आणि तिनं सगळ्यांना लेझीम शिकवते म्हणून कबूल करून टाकलंय. तिला स्वतःला चार हात येतात. तेव्हा स्नेहसंमेलनात मुलींचं लेझीम झालं की त्याचं सबंध शूटिंग पाठवा, समोरून घेतलेलं, पाहुण्यांच्या भाषणाशिवाय. लेझीम कुणी येणाऱ्याबरोबर पाठवायची झाली तर लाकडाला साल राहिलेली नको, इथल्या विमानतळावर लाकडी वस्तू तपासतात आणि किडीची शंका आली तर काढून घेतात. कुंदा पाठवायचा विचारही करू नका, दुधाचा जिन्नस आत येऊ देत नाहीत. माझ्या वाटचा वहिनींनी खावा.

बैठक कधी आहे ते कळव. त्या दिवशी तुमच्या सकाळी नऊला इथं दुपारचे साडेचार असतात, मी घरी असते. फोन स्पीकरवर ठेवलास तर मीच बोलेन.

तुझी
बहीण