दुखत नव्हते, म्हणून उशीर झाला

महोदय,

‘मणक्याचे ऑपरेशन म्हणजे माणूस कायमचा अंथरुणाला खिळला’ या धास्तीपायी यजमानांच्या मानेच्या आजारात आमचे सात महिने वाया गेले, म्हणून हे पत्र.

पूर्वी मला कमरेचा त्रास झाला होता. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आणि डाव्या पोटरीपर्यंत कळ जायची. रात्र रात्र रडून काढली. तरी डॉक्टर म्हणाले, पायात ताकद आहे, लघवीवर ताबा आहे, घाई नको. गोळ्या, झेपेल तेवढे चालणे, मग व्यायाम. दोन महिन्यांत मी पुन्हा वर्गावर उभी राहिले.

यजमानांची मान मात्र दुखतच नव्हती. आधी शर्टाची बटणे लागेनात, मग सही बदलली म्हणून बँकेने चेक परत केला. एकदा बाजारातून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे गळाली, त्यांना पत्ता नाही! ‘वय झाले’ म्हणत आणि ऑपरेशनच्या धास्तीने आम्ही दिवस ढकलले. एका मालिशवाल्याकडून मानही मोडून घेतली. आज आठवले की अंगावर काटा येतो, कारण एमआरआयमध्ये मानेतला मज्जारज्जूच, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारा नसांचा जुडगाच, दाबलेला निघाला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, ऑपरेशन पुढचे नुकसान थांबवायला आहे, गेलेले सगळे परत येईलच असे नाही. तंबाखू आधी सोडायला लावली, तिने हाड जुळत नाही म्हणून. गळ्याच्या पुढून छेद घेऊन दोन गाद्या काढल्या, पट्टी-स्क्रू बसवले. दुसऱ्या दिवशी हे वॉर्डात चालले! आठवडाभर घास अडकायचा, तेव्हा पेज आणि मऊ भात. खरी कसोटी घरी आल्यावर लागली. रोज सकाळी ताटात मटकी आणि शेंगदाणे कालवून द्यायचे, त्यांनी एकेक दाणा वेचायचा. पहिल्या दिवशी अर्धी वाटी निवडायला तास लागला. आज दहा महिन्यांनी बटणे लागतात, गळ्याजवळचे तेवढे मी लावते. बोटांचा बधिरपणा आहे तसाच आहे.

आपल्या आरोग्य पुरवणीत ही लक्षणे ठळक छापावीत, ही कळकळीची विनंती. बटण न लागणे, हातातून वस्तू पडणे, चालताना तोल जाणे. आणि कमरेच्या रुग्णाची लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड