साप सोडायच्या आधी तो आपला आहे का ते बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्याच काय, सगळ्याच पेपरात एक बातमी हमखास येते, अमुक गावात दुर्मिळ साप सापडला, सर्पमित्राने पकडून निसर्गाच्या सान्निध्यात सोडून दिला, सोबत साप हातात धरलेला फोटो. पूर्वी वाचून बरं वाटायचं, चला एक जीव वाचला. गेल्या जुलैपासून मात्र "दुर्मिळ" शब्द दिसला की मी आधी फोटो मोठा करून बघतो. का ते सांगायलाच हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही कर्जत तालुक्यातले, भातशेती करणारे. लावणीचे दिवस, शेजारच्या सूनबाई पंपाच्या खोपीतून गोणपाट काढायला गेल्या तर खाली साप. लांबीला दोन-अडीच फूट असेल पण अंगाने चांगला जाड, काळपट चॉकलेटी रंग आणि त्यावर मातकट सोनेरी मोठे मोठे डाग, काही डागांच्या आत परत काळे ठिपके. माणसं जमली, टॉर्च मारला, तरी तो पळाला नाही. त्याने अंगाचा घट्ट गोळा केला आणि डोकं मधोमध आत घालून टाकलं, सोललेल्या नारळाएवढा गोळा दिसत होता नुसता. जन्म शेतात गेला माझा, धामण, नानेटी, दिवड, मण्यार, फुरसं, घोणस सगळं बघितलंय, पण असा तोंड लपवून बसणारा साप कधी बघितला नव्हता.

लगेच गावात दोन तट पडले. म्हातारी माणसं म्हणाली घोणस आहे, कोयता आणा. पोरं म्हणाली अजगराचं पिल्लू आहे. घोणस असती तर एवढ्या माणसांत कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारली असती, आणि तिच्या पाठीवर साखळीसारखे लांबट गोल डाग तीन ओळीत असतात, ते इथे नव्हते. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते, पण डोकंच दिसत नव्हतं तर बघणार काय. मी कोयता खाली ठेवायला लावला, पुतण्याने लांबून चार-पाच फोटो काढले. तेवढ्यात आमचा सर्पमित्र आला, तेवीस वर्षांचा पोरगा, रात्री-अपरात्री स्वतःच्या पेट्रोलने धावत येतो. त्याने हुकाने अलगद पिशवीत घेतला, म्हणाला काका अजगराचं पिल्लू आहे, बिनविषारी, घाबरू नका, आणि त्याच संध्याकाळी डोंगराखालच्या रानात सोडूनही आला.

पुतण्याने फोटो सापांच्या एका अभ्यासकांना पाठवले होते. रात्री साडेनऊला उत्तर आलं, हा बॉल पायथन आहे, अजगराच्याच जातकुळीतला पण पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, लोक घरात पाळायला आणतात, सध्या कुठे ठेवलाय, सोडू नका. मी त्या पोराला फोन लावला तर तो म्हणाला, काका सोडला हो. मग आम्ही चौघं त्याच रात्री बॅटऱ्या घेऊन गेलो, पुढच्या दोन्ही दिवशी पहाटे गेलो, दगडन् दगड बघितला. नाही मिळाला.

त्या पोराला मी एका शब्दाने दोष देत नाही. साप मारू नका, सर्पमित्राला बोलवा, जवळच्या रानात सोडा, हे आपणच इतकी वर्षं सगळ्यांना शिकवलं, शाळेत तक्ते लावून शिकवलं, आणि धामण-घोणशीच्या बाबतीत ते अगदी बरोबरच आहे. पण जो साप या मातीतला नाहीच त्याला रानात सोडणं म्हणजे त्याला जीवदान नाही आणि रानाचंही भलं नाही. आणि शाळेच्या तक्त्यांवर इथलेच साप असतात, मग पोरांना जो जवळचा वाटतो तेच नाव ती देणार.

कुणी म्हणेल एका सापाने काय होतंय, बिनविषारी आहे, उंदीरच खाईल. एका सापाने रान संपत नाही हे मलाही कळतं. पण अमेरिकेत फ्लोरिडात काय झालं बघा. आपल्या अजगराचा जवळचा नातेवाईक बर्मी अजगर तिकडे पाळीव म्हणून गेला, कुणाकडून सुटला, कुणी कंटाळून सोडला, २००० सालापर्यंत तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वीण सुरू झाल्याचं मान्य करावं लागलं, आणि २०१२ साली आलेल्या अभ्यासात तिथले रकून (तिकडचा एक छोटा केसाळ रानटी प्राणी) ९९ टक्क्यांनी कमी दिसत असल्याचं निघालं. मला जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या अजगरांबरोबर फुफ्फुसात राहणारा एक परजीवी तिकडे पोचला आणि तो आता तिथल्या स्थानिक सापांच्या फुफ्फुसात सापडतो. म्हणजे साप एकटा येत नाही, पोटातलं, छातीतलं सगळं घेऊन येतो. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर तर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालातून एक झाडावरचा साप पोचला आणि रानातले बहुतेक सगळे देशी पक्षी संपले. आणि आपला वाळा, तो गांडुळासारखा बारका काळा, तो असाच कुंड्यांच्या मातीतून जगभर गेलाय, त्याच्यात नर लागतच नाही, एक मादी पुरते.

आमच्याकडे तो कुणीतरी माणसाने आणला एवढं नक्की. २०२३च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किट-केकच्या पुड्यांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) मिळाले होते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, बॉल पायथनसारखे, वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइटिस (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी पाळणाऱ्याने त्यांची सरकारकडे नोंद करायची, २०२४ला त्याचे नियमही आले. पण कॉर्न स्नेक त्या यादीतच नाही, त्यामुळे या नोंदणीत तो बसत नाही. अंग नारिंगी, त्यावर काळ्या कडांचे लाल डाग, पोटाखाली बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन, असा साप उद्या कुणाच्या ओसरीत निघाला तर "दुर्मिळ" म्हणून आपण तोही सोडून येऊ. त्यात पाळणारे पैदास करून पांढरे, पिवळे, काय वाटेल त्या रंगाचे काढतात, म्हणजे नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही.

म्हणून माझं सर्पमित्रांना आणि गावकऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की ओळख पक्की होईपर्यंत साप विषारीच धरा, लांबूनच डोक्याचा वरून आणि बाजूने, पाठीचा, शेपटीचा असे फोटो घ्या, आणि जरा जरी वेगळा वाटला तर सोडायची घाई करू नका, वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा, हवा जायला भोकं असलेल्या बरणीत रात्रभर राहिला तर साप मरत नाही. आणि ज्यांनी हौसेने घरी आणलाय आणि आता नकोसा झालाय त्यांनी रात्री गाडी थांबवून रानात टाकू नका हो, वनखात्याकडे द्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे साहेब. सापाची बातमी छापताना त्याचं नाव कुणी ओळखलं, फोटो कुणा जाणकाराला दाखवला का, आणि सोडण्याआधी वनखात्यात नोंद झाली का, एवढं वार्ताहराला विचारा आणि छापा. साप हातात धरलेले फोटो बंद केलेत तर फारच बरं, ते बघून पोरं तसंच करायला जातात.

आमचा तो पोरगा आता अनोळखी साप घरी पेटीत ठेवतो आणि आधी फोटो पाठवतो. पाऊस उघडला की अजून त्या पायथ्याला एक चक्कर मारून येतो, आणि संध्याकाळी मला फोन करतो, काका, आज पण नाही दिसला.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक, ता. कर्जत, जि. रायगड