ग्रहण अजून यायचंय, आई

पुणे, १८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई रडते, फोन बाबांच्या हातात जातो, बाबा "हं, हं" करतात आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला सलग वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

बाविसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी झाली, फीटल इको म्हणतात तिला. मला जन्मतः दोष होता म्हणून डॉक्टरांनी ती आवर्जून करायला लावली. एरवी शंभरात साधारण एका बाळाला असा दोष असतो, आईलाच असेल तर तीन ते पाच बाळांना. आपल्या बाळाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक बारीक छिद्र दिसलं. झडपा, रक्तवाहिन्या, कप्पे, बाकी सगळं जागच्या जागी आहे. पडद्याच्या स्नायूच्या भागातलं असं लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं, कधी जन्माआधी, कधी पहिल्या एक-दोन वर्षांत. नाहीच बुजलं तर उपाय आहेत. माझं तर केवढं मोठं होतं!

आई, हे ऐकताना तुझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला माहीत आहे. २४ ऑक्टोबर १९९५. दिवाळीतलं सूर्यग्रहण, सकाळची वेळ, घर पाहुण्यांनी भरलेलं, तुला पाचवा महिना, आणि तू विळीवर दोडके चिरलेस. आजी बोलली, "पोराच्या काळजाला भोक पडंल," आणि ते तुझ्या मनात रुतून बसलं. मुंबईला माझ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तू बाबांना म्हणत होतीस, "माझ्यामुळंच झालं हे." मी जागी होते, आई. पाच वर्षांची होते, पण ऐकलं होतं.

आता माझ्याबरोबर बोटं मोड. मी फेब्रुवारी १९९६ च्या अखेरची. गर्भ राहिल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत बाळाचं हृदय धडधडायला लागतं, आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे कप्पे, पडदे, झडपा बनून होतात. म्हणजे माझा पडदा अपुरा राहिला तो १९९५ चा श्रावण लागायच्या सुमारास. तू विळीवर बसलीस तेव्हा त्याला जवळजवळ तीन महिने होऊन गेले होते. या बाळाचं तर आणखी उघड आहे. ज्या ३ मार्चच्या चंद्रग्रहणासाठी तू मला दारं लावून उपाशी बसायला सांगते आहेस, ते अजून यायचंय. छिद्र आधीच दिसलं.

बहुतेक वेळा नेमकं एक कारण सापडतच नाही. जी ठाऊक आहेत ती म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, आधीपासूनची आणि ताब्यात नसलेली साखर, काही औषधं, दारू, रक्ताच्या नात्यातलं लग्न. (धाकट्याचं मामाच्या मुलीशी जमवायचं चाललंय, त्यावर मला बाबांशी वेगळं बोलायचं आहे.) यात विळी कुठेच नाही.

तू विळी लक्षात ठेवलीस आणि खरं काय केलंस ते विसरलीस. दूध पिताना माझ्या कपाळावर घाम यायचा, दोन घोट घेतले की मी थांबायचे, धापा टाकायचे, अंग धरत नव्हते. सगळे दृष्ट काढायला सांगत होते. तू ऐकलं नाहीस, मला कडेवर घेऊन मिरजेला गेलीस. तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

आणि बाबा, तुमची ती फाईल! दिवाळीत मी आले तेव्हा सोबत घेऊन आले, ती किती उपयोगी पडली सांगू. पडदा कसा शिवला, फुप्फुसातला दाब किती होता, सगळे कागद जागेवर. मागच्या पानावर तुमच्या निळ्या पेनानं लिहिलेलं आहे, "सकाळी ७, दूध ४ चमचे. ९ ला रडली. दुपारी भात मागितला." डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं.

माझी तब्येत बरी आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, ते फिरवायला हृदयाला जास्त राबावं लागतं. माझा पडदा नीट बंद आहे आणि फुप्फुसातला दाब ठीक आहे, म्हणून धोका कमी. तरी झोपताना एकाच्या तीन उशा लागायला लागल्या, रात्री धाप लागून जाग आली, चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना. "पोटुशी बाईला दम लागतोच" असं म्हणून थांबायचं नाही.

म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही. आई, मला कळतं तुला काय वाटेल. पण बाळंतपणात आणि नंतरचे दोन-तीन दिवस हृदयावर फार ताण असतो. हृदयाचे डॉक्टर आणि नवजात बाळांचे डॉक्टर एकाच छताखाली हवेत. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी बाळाच्या हाता-पायाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतील, मग पुन्हा इको. तेव्हा माहेरच इकडे आणा.

एक काम, बाबा. वाडीतलं ते सात महिन्यांचं लेकरू रडताना ओठांना निळं पडतं असं आई म्हणाली. वाट बघू नका. आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात दाखवायला लावा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची हृदयाची तपासणी आणि उपचार मोफत होतात. त्यांना गाय विकायला लागू नये.

३ मार्चला संध्याकाळी मी वेळेवर जेवणार आहे, गोळ्याही घेणार आहे. आई, तू एप्रिलअखेर ये. अळीव आण, डिंक आण, आणि ती विळीही आण. माझ्याकडे नुसत्या सुऱ्या आहेत, आणि तुला सुरीनं चिरायची सवय नाही.

तुमची,
ताई